हायड्रोजनचे उत्सर्जन व अग्निभय

६ मे १९३७ रोजी सायंकाळी अमेरिकेतील लेकहर्स्ट येथे उतरत असता ‘हिंडेनबुर्ग’ हे जर्मन हवाई जहाज पेटले व सुमारे अर्ध्या मिनिटात भस्मसात झाले. जहाजावरील ९७ जणांपैकी ३५ आणि जमिनीवरील एक, असे ३६ जण मृत्युमुखी पडले.

या दुर्घटनेतील एक बाब मननीय आहे. जहाजाचा तोल साधण्यासाठी काही हायड्रोजन झडपांवाटे मुद्दाम सोडण्यात आला होता. हलका असल्याने तो वर जाऊन विरून गेला. आग लागली ती शेपटीकडे. तेथे गळालेला वायू हवेत मिसळून विद्युत्-ठिणगीने पेटला असावा, असे चौकशी समित्यांचे अनुमान होते.

हवेत ४ ते ७५ टक्के प्रमाणात मिसळलेला हायड्रोजन अगदी क्षुल्लक ठिणगीनेही पेटतो. शिवाय त्याची ज्योत दिवसा जवळजवळ दिसत नाही. म्हणूनच दाबाखालील हायड्रोजनची पोलादी नळकांडी हवेशीर वाहनातून नेतात, आणि वायू सोडावयाचा झाल्यास तो उंच, उभ्या नळीने मोकळ्या आकाशात सोडून ती नळी जमिनीशी विद्युत्-वाहक तारेने जोडतात. वायू सोडण्यापेक्षा तो छताखाली साचू देणे अधिक घातक, हाच लेकहर्स्टचा धडा होय.