साग्रा, आगेरा आणि पोपटी

इटलीच्या खेड्यापाड्यांतून हिंडणाऱ्या प्रवाशाला वसंतापासून शरदापर्यंत गावोगावी ‘साग्रा’ या शब्दाचे फलक आढळतात. कुठे मासळीचा साग्रा, कुठे द्राक्षांचा, कुठे चेस्टनटचा. चौकात लांब बाके मांडलेली असतात, गावातील बायाबापड्या रांधत असतात, आणि पाहुणा भरल्या पोटाने ‘खाद्योत्सव छान झाला’ असे म्हणून पुढच्या गावी जातो. त्याच्या हाती सणाचा उत्तरार्धच लागलेला असतो. साग्रा या शब्दाच्या मुळाशी ‘पवित्र’ या अर्थाचा लॅटिन शब्द आहे. पूर्वी साग्रा म्हणजे चर्चच्या अभिषेकाचा वार्षिक सण. आधी मिस्सा, मग मिरवणूक आणि शेवटी पंगत. ताटातील पदार्थाने सणाला आपले नाव दिले ते पुष्कळ नंतर.

रोमजवळच्या मारीनो गावाचे उदाहरण बोलके आहे. 7 ऑक्टोबर 1571 रोजी लेपांतोच्या आरमारी लढाईत पोपमहाशयांच्या गलबतांचे नेतृत्व करणारा मार्कान्तोनियो कोलोन्ना हा मारीनोचा सरदार. या विजयाचे श्रेय जपमाळेच्या प्रार्थनेला दिले गेले आणि 1573 मध्ये तेराव्या ग्रेगरी यांनी ऑक्टोबरचा पहिला रविवार जपमाळेच्या राणीचा सण म्हणून नेमून दिला. मारीनोत तो भक्तिभावाने पाळला जाई. 1925 मध्ये लेओने चिप्रेल्ली या कवीने त्याच दिवसांना द्राक्षांचा साग्रा जोडला. तेव्हापासून तेथील कारंज्यातून पाण्याऐवजी द्राक्षारस वाहतो. प्रवासी कारंज्यापाशी गर्दी करतात. सकाळची मरियामातेची मिरवणूक मात्र बहुतेकांची हुकते.

किनाऱ्यावरच्या कामोल्यीत मच्छीमारांचे आश्रयदाते संत फोर्तुनातो यांचा सण मे महिन्यात येतो. तेथे 1952 पासून सुमारे चार मीटर व्यासाच्या कढईत मासळी तळली जाते. एवढी कढई! आमच्या कोळीवाड्यांना तिचा हेवा वाटावा.

हे सारे आम्हांला परके वाटत नाही, कारण मुंबई-साष्टीच्या गावठाणांतील ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाजाचा आगेराही ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारीच येतो. ‘आगेर’ म्हणजे लॅटिनमध्ये शेत. नव्या भाताच्या लोंब्या वाजतगाजत चर्चमध्ये आणायच्या, धर्मगुरूंनी त्यांना आशीर्वाद द्यायचा आणि मगच नवे अन्न खायचे. अनुवादाच्या 26व्या अध्यायातील प्रथमफळांची टोपली ती हीच. आज मात्र बहुतेक गावठाणांभोवती इमारती उभ्या आहेत, आणि वेदीवर ठेवायच्या लोंब्या दुसऱ्याच्या शेतातून मागवाव्या लागतात. विधी तोच, गाणी तीच. पण जे आपण पिकविलेच नाही ते अर्पण कसे करायचे, हा प्रश्न आमच्या मते पंगतीच्या बेतापेक्षा मोठा आहे. इटलीतही, ज्या जिनसाशी गावाचा कसलाच संबंध नाही तिच्या नावाने साग्रे भरतात, अशी कुरकुर ऐकू येते.

म्हणून पेण तालुक्यातील गडबला आम्ही मुद्दाम गेलो. तेथील पोपटीला ना आश्रयदाता संत, ना ठरलेली तारीख, ना फलक. भातकापणीनंतर जमिनीच्या ओलीवर वाल येतो आणि हिवाळ्यात शेंगा भरल्या की पोपटीचे दिवस सुरू होतात. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला, त्यावर मीठ-ओवा लावलेल्या शेंगा, मधूनमधून अंडी, बटाटे, हौस असल्यास मसाला लावलेली कोंबडी. पाण्याचा वा तेलाचा थेंबही नाही. तोंड पाल्यानेच बंद करून मडके उपडे ठेवायचे आणि भोवती पेंढा व काटक्या पेटवायच्या. अर्ध्या तासाने मडक्यावर पाणी शिंपडतात. चर्र आवाज आला की पोपटी झाली.

शेजारच्या डोलवीला पोलादाचा कारखाना आहे आणि महामार्गावरच्या टपऱ्यांतूनही हल्ली पोपटी मिळते. तेव्हा शेंगा कुठल्या, हे आम्ही मडके उघडण्यापूर्वीच विचारले. मडके लावणाऱ्या आजींनी नुसता हात वर करून बांधापलीकडचे शेत दाखविले.