डाळिंबाची वेलांटी

चिंचोळी म्हटली म्हणजे सोलापूरकराच्या डोळ्यांपुढे पुणे रस्त्यालगतची कारखान्यांची वसाहत उभी राहते. तालुका मोहोळचा, पण ओढा सगळा सोलापूरकडे. येथे रसायने होतात, औषधांचा कच्चा माल होतो, मोटारीच्या इंजिनात फिरणारे कॅमशाफ्ट होऊन परदेशी जातात. ह्याच वसाहतीतील एका लहानशा यंत्रशाळेच्या माडीवर, खाली लेथची घरघर चालू असता, २००५ पासून पुढे सहा वर्षे मोबाइल फोनांचे प्रोग्राम तयार होत होते. ते करणाऱ्या दोघांपैकी मी एक. कारखाना बंद पडला तरी त्याचे साचे, नकाशे, निदान पत्र्याची शेड तरी मागे राहते. आमच्या धंद्याचे तसे नाही. ज्या फोनांसाठी आम्ही लिहिले ते फोन गेले, आणि त्यांच्याबरोबर लिहिलेलेही गेले. म्हणून आठवते आहे तोवर हा अलीकडचाच, पण फार लवकर पुसला गेलेला इतिहास मांडून ठेवावा असे वाटले.

फराळाचे ताट शेजारी ठेवून अंक चाळणाऱ्या वाचकाला 'ऑपरेटिंग सिस्टिम' ह्या शब्दाने ठसका लागू नये, म्हणून तो आधी सोडवून सांगतो. प्रत्येक फोनाच्या पोटात एक कारभारी बसलेला असतो. पडदा, बटणे, स्मरण, घंटी, सारे त्याच्या ताब्यात. फोनात काही नवे काम करवून घ्यावयाचे तर ह्या कारभाऱ्याच्या भाषेत, त्याच्या रीतीने विनंती करावी लागते. आज असे कारभारी मुख्यतः दोनच उरले आहेत, गूगलचा अँड्रॉइड आणि ॲपलचा आय. ओ. एस. आम्ही सुरुवात केली तेव्हा मात्र दरबार भरलेला होता, आणि एकाचे तोंड दुसऱ्याकडे नव्हते.

सर्वांत थोर सिंबियन. १९९८ साली लंडनला सायन, नोकिया, एरिक्सन आणि मोटोरोला ह्या कंपन्यांनी मिळून तो उभा केला. सायन ही इंग्लंडातील, खिशात मावणारे छोटे संगणक करणारी कंपनी. मूळ बीज तिचे. २००२ साली नोकियाचा ७६५० आला, पाठोपाठ ६६०० आला, आणि गुटगुटीत बाळासारखा दिसणारा तो ६६०० आपल्याकडे लग्नाच्या मांडवात मिरवू लागला. त्याच सिंबियनचे सोनी एरिक्सनच्या घरी गेलेले भावंड मात्र काडीने टोचून चालवावे लागे, आणि नोकियासाठी लिहिलेले त्याला उमगत नसे. शिवाय पामवाले होते, मायक्रोसॉफ्टचे विंडोज मोबाइल होते, साहेब लोकांच्या कमरेला ब्लॅकबेरी होता. टाटांच्या फोनांत क्वालकॉमचे ब्रू नावाचे आणखी एक प्रकरण होते. २००३ च्या पावसाळ्यात रिलायन्सने ५०१ रुपयांत फोन हाती दिल्यापासून तर भाजीवाल्यापासून वकिलापर्यंत सगळेच फोनवाले झाले होते.

ह्या सगळ्यांत सर्वसामान्यांच्या फोनावर चालणारा होता जावा. हा कारभारी नव्हे, दुभाष्या. कोणत्याही कारभाऱ्याशी तो बोलेल, तुम्ही एकदाच लिहा, असे त्याच्या जन्मदात्यांचे वचन होते. वचन खोटे नव्हते, पण पुरतेही नव्हते. पडद्याखालच्या डाव्या-उजव्या बटणांचेच उदाहरण घ्या. नोकियात ती दाबली की प्रोग्रामाला उणे सहा आणि उणे सात हे आकडे मिळत. सीमेन्समध्ये उणे एक आणि उणे चार. मोटोरोलाच्या कित्येक फोनांत उणे एकवीस आणि उणे बावीस. 'मागे जा' म्हणून दाबलेले बटण दुसऱ्या फोनात अगदी मुकाट राही. पडदा कुठे १२८ ठिपक्यांचा चौरस, कुठे १७६ बाय २०८. नोकियाच्या स्वस्त फोनांपैकी पुष्कळांत सबंध प्रोग्राम ६४ किलोबाइटांत बसवावा लागे. आज मंडळींच्या फोनांवर सकाळी येणारे फुलांचे एक चित्रसुद्धा तेवढ्यात मावत नाही.

सोलापूरच्या माणसाला हे समजावयास कठीण नाही. जॅकार्डच्या मागावर चादर निघते तेव्हा तिच्यावरचा मोर आधी चौकटीच्या कागदावर काढलेला असतो, आणि त्या कागदावरून पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोके पाडलेली असतात. भोक असेल तेथे धागा उचलायचा, नसेल तेथे नाही. ल्योंच्या जॅकार्डने १८०४ साली बसविलेली ही युक्ती म्हणजे प्रोग्रामच होय. आता मोर तोच. पण माग बदलला, आकड्यांची संख्या बदलली, की पट्ट्या पुन्हा पाडाव्या लागतात. आमच्या माडीवर हेच चाले. मोर एक आणि माग सात.

आमचा मोर म्हणजे बाजारभाव. एका खत-बियाण्यांच्या व्यापाऱ्याला आपल्या गिऱ्हाइकांच्या फोनावर कांदा, डाळिंब, ज्वारी ह्यांचे रोजचे भाव मराठीत दाखवावयाचे होते. त्याच्या वहीत शेतकऱ्याचे नाव, गाव, एकर आणि पीक एवढे रकाने होते. आम्ही 'फोन कोणता' हा रकाना वाढविला, आणि तो भरून आल्यावर दोघेही गप्प बसलो. ज्यांच्यासाठी लिहावे अशी मौज वाटे ते सिंबियनवाले बोटांवर मोजण्याइतके. जावावाले बरेच. पण वहीची पाने भरली होती ती ज्यांत जावाही नाही आणि मराठीही नाही अशा फोनांनी, आणि कमी एकरांची नावे बहुतेक त्याच पानांवर. धंद्याचे शहाणपण सांगत होते की महाग फोनांपासून सुरुवात करा. व्यापाऱ्याचा पैसा एका तऱ्हेच्या फोनास पुरेल इतकाच होता. पुष्कळ वाद होऊन आम्ही जावा धरला आणि उरलेल्यांना साधा संदेश पाठवावयाचे ठरले. सिंबियन मागे पडला ह्याचे मला मनातून वाईट वाटले. भागीदाराला मुळीच वाटले नाही.

पण खरी यातायात पुढेच होती, आणि ती मराठीची. संगणकात देवनागरी आधी बसली नव्हती असे नाही. पुण्याच्या सी-डॅकने त्यात मोठे काम केलेले; १९९१ च्या भारतीय मानकात आणि त्याच साली निघालेल्या युनिकोडमध्ये आपल्या अक्षरांना आकडे मिळालेले. परंतु आकडा मिळणे निराळे आणि अक्षर पडद्यावर नीट उमटणे निराळे. रोमन लिपीत अक्षरे आगगाडीच्या डब्यांसारखी एकामागून एक येतात. आपली पहिली वेलांटी उच्चारात व्यंजनाच्या मागून येते आणि कागदावर मात्र त्याच्या पुढे जाऊन बसते. रफाराचे उलट: 'सूर्य' मधला र आधी उच्चारावा आणि काढावा सर्वांत शेवटी, य च्या डोक्यावर. ही बैठकव्यवस्था कारभाऱ्याला शिकविलेली नसली तर काय होते? 'डाळिंब' चे 'डाळबिं' असे काहीतरी होते. 'किलो' ची वेलांटी ल ला जाऊन चिकटते, आणि किलोत कली शिरतो! आणि हे ज्या फोनात देवनागरी अक्षरे होती त्याचे. इतरांत नुसते चौकोन दिसत, रिकाम्या खणांसारखे.

ह्यावर उपाय एकच, आपली अक्षरे आपल्या पिशवीतून न्यावयाची. प्रत्येक अक्षर, त्याचे अर्धे रूप, प्रत्येक मात्रा ठिपक्या-ठिपक्यांनी रंगवून एका लांब चित्रपट्टीत ठेवली. मजकूर आला की प्रोग्राम आधी वेलांट्या-रफार जागच्या जागी बसवी, मग पट्टीतून एकेक चित्र कापून पडद्यावर चिकटवी. ६४ किलोबाइटांत हे सारे कोंबताना कोणते जोडाक्षर ठेवावे आणि कोणते हलन्त देऊन भागवावे ह्यावर आम्ही दोघे व्याकरणकारांसारखे भांडत असू. त्यातून मराठीचे स्वतःचे लाड आहेतच. बाहेरून आयत्या मिळणाऱ्या अक्षरपट्ट्या हिंदीवरून केलेल्या. त्यांत ल आणि श ह्यांचे वळण परके. आणि चंद्रकोरीसारखा आडवा र हिंदीला लागतच नाही. तो नसला म्हणजे 'दऱ्या' आणि 'दर्या' एक होतात. शेतकऱ्याला 'शेतकर्याला' म्हणावे लागते. ज्याच्यासाठी प्रोग्राम लिहावयाचा त्याचे नावच जर धड लिहिता येत नाही, तर भाव सांगण्यात काय अर्थ? ह्या र साठी आम्ही दोन जोडाक्षरे वगळली. कोणती ते आता आठवत नाही.

साध्या संदेशाची तऱ्हा आणखी न्यारी. इंग्रजीत एका संदेशात १६० अक्षरे जातात, देवनागरीत ७०. शिवाय मात्रा, हलन्त, अनुस्वार सगळे वेगळे मोजतात; 'ज्ञानेश्वर' एवढे लिहिले की दहा संपले. मराठीत बोलणाऱ्याला तोच संदेश दुपटीहून महाग, ह्यात कुणाचा दुष्टावा नव्हता, नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे आपण नव्हतो इतकेच.

आमच्यासारखी खटपट करणारे पुष्कळ होते, आणि आमच्याहून कितीतरी मोठे. ऑक्टोबर २००७ मध्ये रॉयटर्स ह्या जगप्रसिद्ध वृत्तसंस्थेने शेतकऱ्यांसाठी हवामान आणि बाजारभावाचे संदेश देणारी 'रॉयटर्स मार्केट लाइट' ही सेवा आरंभली ती महाराष्ट्रात. २००८ अखेर नोकियाने 'लाइफ टूल्स' ची चाचणी घेतली, तीही येथेच. तिची युक्ती मला फार आवडे: माहिती साध्या संदेशातून यावयाची, पण स्वस्त फोनात आधीच बसविलेला प्रोग्राम ती चित्रे आणि याद्यांच्या रूपात दाखवावयाचा. इंटरनेट नको, महाग फोन नको. २००९ मध्ये बंगळूरहून 'न्यूजहंट' निघाले. नोकियातून बाहेर पडलेल्या उमेश कुलकर्णी आणि चंद्रशेखर सोहोनी ह्यांचे हे काम. दोन्ही आडनावे आपल्याकडे घरोघर ऐकू येणारी. ज्या फोनात मराठी अक्षर नाही त्यातही मराठी वृत्तपत्र वाचता यावे म्हणून अक्षरे प्रोग्रामाबरोबरच धाडावयाची, हीच त्यांची वाट. ती पुढे 'डेलीहंट' म्हणून देशभर गेली. ऑपेरा मिनीच्या एका आडबाजूच्या पानावर 'अवघड लिपींसाठी चित्राक्षरे वापरा' असा एक पर्याय होता. तो चालू केला की दूरचा संगणक मजकुराचे चित्र काढून फोनाकडे पाठवी. ही युक्ती तेव्हा मराठी मुले एकमेकांना घरगुती औषधाप्रमाणे सांगत.

ह्या साऱ्याने शेतकऱ्याच्या पदरात काय पडले? फाफशाम्प आणि मिंटेन ह्या अभ्यासकांनी महाराष्ट्रातील शंभर गावांत रॉयटर्सच्या सेवेची पद्धतशीर पारख केली आणि २०१२ मध्ये निष्कर्ष छापला. संदेश घेणाऱ्यांना सरासरीने अधिक भाव मिळाल्याचे दिसून आले नाही. माझ्या मते ह्यात नवल नव्हते. आमच्या वहीतील एक डाळिंबवाले गृहस्थ म्हणत, "भाव कळला म्हणून माल काय उडत जातो का? गाडी त्याचीच, उचल त्याचीच, मग आडत्या दुसरा कुठून आणू?" तरीही ते महिन्याचे पैसे वेळेवर भरत. का, म्हणून विचारले तर म्हणाले, "आता तो मला खोटं सांगताना दचकतो." अभ्यासकांच्या कोष्टकात ह्या दचकण्याला रकाना नसावा.

त्यानंतरचा भाग थोडक्यात उरकतो, कारण तो सर्वांच्या डोळ्यांदेखत घडला. जुलै २००८ मध्ये ॲपलने प्रोग्राम विकण्याचे दुकान थेट फोनातच उघडले. २२ ऑगस्टला आयफोन आपल्याकडे आला, किंमत ३१,००० रुपये. व्यापाऱ्याच्या वहीत त्याची नोंद कधी झालीच नाही. २००९ मध्ये अँड्रॉइडचा पहिला फोन आला, आणि त्याच्याही आरंभीच्या आवृत्त्यांत मराठीच्या जागी तेच जुने चौकोन. सिंबियनने त्याआधीच नवी आवृत्ती काढताना जुने प्रोग्राम चालेनासे केले होते आणि प्रत्येक नव्या प्रोग्रामावर शिक्कामोर्तबाचा सोपस्कार लादला होता. सावकाराने व्याज वाढवावे आणि त्याच सुमारास शेजारी बँक उघडावी, तसे झाले. ११ फेब्रुवारी २०११ रोजी नोकियाने मायक्रोसॉफ्टचा हात धरला. त्या दिवशी भागीदाराने फळ्यावरील सात नावांतून एक पुसले. वर्षअखेर माडीची किल्ली आम्ही मालकांना परत केली. तमिळनाडूतील श्रीपेरुंबुदूरचा नोकियाचा कारखाना २०१४ मध्ये बंद पडला, तेथे हजारो मुलामुलींच्या नोकऱ्या गेल्या. त्यापुढे आमचे दोघांचे काय सांगावे? जुन्या ब्लॅकबेरीचा दिवा ४ जानेवारी २०२२ रोजी मालवला.

मराठीचे घोडे मात्र गंगेत न्हाले. २०१३ च्या सुमारास मुंबईच्या आय. आय. टी. तील अनिरुद्ध जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे 'स्वरचक्र' आले. व्यंजनावर बोट ठेवले की भोवती बाराखडी फुलते. ज्याने हे पाहिले त्याला पाटीवरची बाराखडी आठवल्यावाचून राहिली नाही. २०१६ साली भारतीय मानकात फोनांसाठी अट आली: वाचण्याची सोय बावीसही भाषांची हवी, आणि लिहिण्याची इंग्रजी, हिंदी व निदान आणखी एका भारतीय भाषेची. दहा वर्षे आधी ती आली असती तर आमचा अर्धा धंदा बुडाला असता, आणि बुडावयास हवा होता.

त्या माडीवर आता सुताचे कोन रचून ठेवतात. माझा भाचा पुण्याला हेच काम करतो. एकदाच लिहितो आणि दोन्ही कारभाऱ्यांकडे पाठवितो. उणे सहा आणि उणे सातची हकीकत त्याला सांगितली तेव्हा तो पोट धरून हसला. मग माझ्या खणातील जुन्या फोनांपैकी एक हाती घेऊन त्याने बराच वेळ उलटसुलट करून पाहिला, आणि विचारले, "मामा, ह्याची बॅटरी अजून कुठे मिळते का?"