कुंपणालगतचा गुलाब

रौप्यमहोत्सवासाठी जुने फोटो गोळा करायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा ताबा मिळाल्यानंतरच्या पहिल्या पंधरा ऑगस्टचा एक फोटो सापडला. झेंड्यामागे कुंपणाची भिंत नवीकोरी दिसते आणि भिंतीलगत चाळीस फूट लांब, चार फूट रुंद असा मातीचा पट्टा. त्यात बारा गुलाब, प्रत्येकाला स्वतंत्र आळं आणि आधाराची काठी. ते लावले होते बी विंगमधल्या तळमजल्यावरच्या काकांनी. जुन्या सभासदांना आठवत असेल, रविवारी सकाळी काका हातात कात्री आणि डोक्यावर टोपी घालून तिथेच असायचे. तळहाताएवढं फूल आलं की ते ऑफिसच्या टेबलावर ग्लासात ठेवायचे आणि कमिटीची मीटिंग जरा कमी भांडणात पार पडायची!

काका गेल्यावर माळी ठेवला, तो सोडून गेला, दुसरा आला. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये तर दोन महिने कुणीच आलं नाही. जूनमध्ये पाहिलं तर बाराच्या बारा झाडं वाळून काड्या झाली होती. कोपऱ्यात मात्र काकूंनी हौसेनं खोचलेली बटण गुलाबाची एक फांदी चांगली तीन फूट पसरली होती आणि गुलाबी फुलांचे घोस घेऊन बसली होती. तिला ना कुणी खत घातलं होतं, ना औषध मारलं होतं.

असं का झालं, याचं उत्तर शोधता शोधता मी गुलाबाच्या इतिहासात शिरलो. तीच ही हकीकत.

आपण ज्याला 'खरा गुलाब' म्हणतो, लांब दांड्याचा, एका दांड्यावर एकच मोठं फूल असलेला, तो फार जुना नाही. फ्रान्समधल्या लियों शहराजवळच्या ज्यां-बाप्तिस्त गियो यांनी १८६७ मध्ये 'ला फ्रान्स' नावाचा गुलाब बाजारात आणला. तो हायब्रिड टी या घराण्याचा पहिला गुलाब मानतात. काकांचे बाराही याच घराण्यातले. त्या काळी युरोपात गुलाबांच्या प्रदर्शनांची लाट होती. इंग्लंडमध्ये १८५८ साली पहिलं राष्ट्रीय गुलाब प्रदर्शन भरलं. या प्रदर्शनांत लाकडी पेट्यांत शेवाळावर नुसती फुलं मांडत. परीक्षक फूल बघत. झाड घरीच राहिलेलं असे. त्या झाडाला पानं आहेत की नाहीत, ते रोगानं बेजार आहे का, याला गुणच नव्हते. मग पैदास करणारेही फुलाकडेच बघणार. परीक्षेत जे विचारतात तेवढाच अभ्यास आपली मुलं करतात, तसंच हे.

पुढे १९०० साली लियोंचेच जोसेफ पेर्ने-दुशे यांनी 'सोलेय दोर' हा गुलाब आणला. इराणकडच्या पिवळ्या गुलाबाशी संकर करून त्यांनी बागेतल्या गुलाबांत गडद पिवळा रंग आणला. केशरी, शेंदरी, तांबूस-पिवळे असे जे गुलाब आज दिसतात, त्यांचं मूळ तिथे आहे. पण त्या पूर्वजाकडून रंगाबरोबर काळ्या ठिपक्यांच्या रोगाला बळी पडायची खोडही आली. श्रावणात पानांवर काळे डाग पडतात, पानं पिवळी होऊन गळतात आणि झाड उघडं पडतं, तोच हा रोग. थोडक्यात, गुलाब जन्मतः नाजूक नव्हता. मोठं फूल आणि नवे रंग यांच्या मागे लागून आपणच त्याला तसा केला.

गंमत अशी की दुसरी वाटही त्याच गियो यांनी उघडली. १८७५ मध्ये त्यांनी 'पाकेरेत' नावाचं एक बुटकं झुडूप आणलं. फुलं छोटी, पण घोसाघोसानं येणारी आणि पुन्हापुन्हा फुलणारी. पूर्वेकडच्या रोझा मल्टिफ्लोरा या रानगुलाबाचं रक्त त्यात होतं. या घराण्याला पोलिआंथा म्हणतात. १९३२ मध्ये इंग्लंडमधल्या बेंटॉल यांच्याकडून 'द फेअरी' हा गुलाब आला, तो याच घराण्यातला. कमरेच्या खाली राहणारा, आडवा पसरणारा, फिकट गुलाबी. आपल्याकडे रोपवाटिकेत 'बटण गुलाब' म्हणून छोट्या फुलांची जी झुडपं मिळतात, त्यांतही पोलिआंथा आणि मिनिएचर घराण्यांचे बरेच गुलाब असतात.

जमिनीवर पसरायचा गुण आला आणखी एका रानगुलाबातून. जपानमधल्या या गुलाबाला १८८६ मध्ये बेल्जियमच्या फ्रांस्वा क्रेपँ यांनी माक्स विखुरा या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाचं नाव दिलं. त्याच्या फांद्या वेलासारख्या जमिनीवरून धावतात आणि पानं तेल लावल्यासारखी चकचकीत असतात. अमेरिकेत कनेक्टिकटमध्ये सापडलेला 'मॅक्स ग्राफ' हा गुलाब १९१९ मध्ये बाजारात आला. तो याचाच संकर, जमीन झाकणाऱ्या गुलाबांच्या पहिल्या पिढीतला. पण त्याला बी जवळजवळ धरायचंच नाही. जर्मनीच्या विल्हेल्म कोर्डेस यांनी चिकाटीनं त्याची मोजकी रोपं मिळवली. त्यांतल्या एकात गुणसूत्रं आपोआप दुप्पट झाली होती आणि ते झाड चांगलं बी धरू लागलं. पुढच्या कितीतरी काटक गुलाबांची ती आजी.

तरीही या झुडपांना मान मिळाला तो विसाव्या शतकाच्या शेवटी. कारण साधं होतं. माळीकाम महाग झालं, बागा लहान झाल्या आणि शहरांना रस्त्याकडेचे पट्टे फुलवायचे होते. दर आठवड्याला फवारणी कोण करणार? फ्रान्सच्या मेयाँ घराण्याच्या 'बोनिका'ला १९८७ साठीचा अमेरिकेतला मानाचा गुलाब-पुरस्कार मिळाला. झुडूपवर्गातल्या गुलाबाला तो मिळण्याची ती पहिलीच वेळ. त्याच दशकाच्या अखेरीस जर्मनीतल्या वेर्नर नोआक यांचा 'हायडेट्राउम' आला. तो जगभर 'फ्लॉवर कार्पेट' या नावानं गुलाबी कुंडीतून विकला गेला. १९९७ पासून तर जर्मनीतल्या अधिकृत गुलाब-चाचणीत कीडनाशकं, बुरशीनाशकं पूर्ण बंद झाली. आता फुलाबरोबर झाडालाही गुण मिळतात. प्रश्नपत्रिका बदलली आणि निकालही बदलला.

आपल्या देशातही हा विचार झाला. गव्हाच्या तांबेऱ्याला तोंड देणारे वाण काढणारे डॉ. बी. पी. पाल हे गुलाबाचेही मोठे पैदासकार होते. कोडाईकनालचे एम. एस. वीरराघवन यांनी तर रोझा क्लिनोफिला हा आपल्याकडचा रानगुलाब संकरासाठी वापरला. पावसाळ्यात पाण्यात उभं राहायची त्याला सवय. आपल्या हवेसाठी आपले गुलाब हवेत, हा त्यांचा आग्रह.

आता पुन्हा आपल्या पट्ट्याकडे येतो. येत्या सर्वसाधारण सभेत तिथे पेव्हर ब्लॉक घालून दुचाकी लावण्याचा विषय आहे. गाड्यांची अडचण खरी आहे, मलाही रोज होते. सहा-सात गाड्या तिथे मावतील. पण पट्टा बंद करण्याचं एक कारण म्हणून "तिथे काही जगत नाही" असं लिहिलंय, ते मला पटत नाही. जगत नव्हती ती रोज माणूस मागणारी झाडं.

दोन ओळींत, अडीच फुटांच्या अंतरानं तिथे तीसेक बटण गुलाब बसतात. काकूंच्या झाडाच्या फांद्यांपासून रोपं होतील, फक्त त्यांची परवानगी घ्यायला हवी. ऊन पाच-सहा तास मिळतं. पाण्याचा निचरा आधी सुधारावा लागेल, कारण पावसाळ्यात मुळाशी पाणी साचलं की काटक गुलाबही कुजतो. पहिलं वर्षभर तण काढणं चुकणार नाही. झुडपं एकमेकांना भिडेपर्यंत मध्ये पालापाचोळा पसरायचा. त्यानंतर दसऱ्याच्या सुमारास वर्षातून एकदा एक तृतीयांश छाटणी, शेणखत, निंबोळी पेंड आणि उन्हाळ्यात पाणी. अजिबात काम नाही असं मी म्हणणार नाही, पण कधीतरी एका रविवारी चार घरांनी मिळून करण्याइतकंच आहे.

तळहाताएवढं फूल मात्र या झाडांना येणार नाही, ते काकांबरोबर गेलं. पण पुढच्या पंधरा ऑगस्टच्या फोटोत झेंड्यामागे काय दिसावं, हे सभेत हात वर करण्याआधी एकदा कोपऱ्यातल्या त्या झाडापाशी उभं राहून ठरवूया. आजही त्याला फुलं आहेत.