सीमेवर डॉक्टर अडवतो तेव्हा

परदेशी जाण्यापूर्वी काहीजण माझ्याकडे 'फिटनेस सर्टिफिकेट' मागायला येतात. "डॉक्टर, नुसती सही करा, फ्लाइट परवा आहे," असे म्हणणारेही असतात. त्यांना मी एक जुनी गोष्ट सांगतो. आज तुम्हालाही सांगतो.

न्यूयॉर्क बंदरातील एलिस बेटावर १८९२ ते १९५४ या काळात अमेरिकेत स्थायिक होण्यासाठी आलेल्यांची तपासणी होत असे. सुमारे १ कोटी २० लाख माणसे तेथून गेली. पहिल्या आणि दुसऱ्या वर्गाच्या प्रवाशांची तपासणी बोटीवरच उरके. गरीब प्रवाशांना मात्र बेटावर रांगेत उभे राहावे लागे. शंका आली की डॉक्टर कपड्यावर खडूने खूण करीत. इंग्रजी 'ई' म्हणजे डोळे, 'एच' म्हणजे हृदय, 'एल' म्हणजे लंगडणे.

सर्वांत जास्त धास्ती डोळ्यांच्या तपासणीची असे. बुटाची बटणे लावायच्या आकड्याने पापणी उलटून आत ट्रॅकोमा, म्हणजे आपल्याकडच्या 'खुपऱ्या', आहेत का हे पाहत. हा संसर्गजन्य आजार पुढे आंधळेपणा आणू शकतो. त्या काळी अँटिबायोटिक्स नव्हती. मोरचुदाने पापण्या घासण्याचा वेदनादायक उपचार महिनोन्‌महिने चाले. लहान मुलाला नाकारले तर आई किंवा वडिलांपैकी एकाला त्याच्याबरोबर परतावे लागे. कुटुंब तिथेच दुभंगे.

मग अडवलेला माणूस काय करू शकत असे? त्याचे प्रकरण एका चौकशी मंडळापुढे जाई. 'हा सरकारवर भार होईल' या कारणाने नाकारले असेल, तर वॉशिंग्टनला अपील करता येई, आणि नातेवाईक हमी द्यायला पुढे येत. पण १९०७ च्या कायद्यानुसार क्षयरोग किंवा धोकादायक संसर्गजन्य रोगाचे वैद्यकीय प्रमाणपत्र असले, तर मंडळाचा नकार अंतिम असे. काहींना बेटावरच्या रुग्णालयात उपचार घेऊन बरे होण्याची संधी मिळे. एकूण सुमारे २ टक्के लोकच परत पाठवले गेले. पण ज्याने घरदार विकून तिकीट काढले, त्याला टक्केवारीचे काय?

१९०३ पासून असा रोगी आणणाऱ्या बोट कंपनीला १०० डॉलर दंड होऊ लागला. त्यामुळे कंपन्या युरोपातील बंदरांवरच प्रवाशांना अधिक काळजीने तपासू लागल्या. तपासणी सीमेवरून घराजवळ आली.

आजही मुद्दा तोच आहे. पीतज्वराचे उदाहरण घ्या. हा आजार भारतात नाही, पण तो पसरवणारा एडिस डास आपल्याकडे भरपूर आहे. म्हणून पीतज्वर असलेल्या आफ्रिकी किंवा दक्षिण अमेरिकी देशातून लसीच्या प्रमाणपत्राशिवाय आलात, तर आपल्याच विमानतळावर तुम्हाला ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. भारतीय पासपोर्ट असला तरीही!

लस घेतल्यावर १० दिवसांनी प्रमाणपत्र ग्राह्य होते. २०१६ पासून ते आयुष्यभर चालते. अंड्याची तीव्र ॲलर्जी असेल किंवा प्रतिकारशक्ती खूप कमी असेल, तर लस घेऊ नका, डॉक्टरांचे कारणासह लेखी पत्र घ्या. मात्र पत्र असूनही विलगीकरण होऊ शकते, हे लक्षात असू द्या.

तरीही परक्या सीमेवर अडवले तर:

• नकाराचे कारण विचारा, शक्य तर लेखी घ्या.
• भाषा कळत नसेल तर दुभाषा मागा. न समजलेल्या कागदावर सही करू नका.
• आजार लपवू नका, खोटे प्रमाणपत्र दाखवू नका.
• अपील, फेरतपासणी किंवा विलगीकरणाचा पर्याय आहे का, ते विचारा.
• ताब्यात ठेवले तर भारतीय दूतावासाला कळवण्याची मागणी करा.
• रोजची औषधे आणि चिठ्ठी हातातल्या बॅगेत ठेवा.

आणि परवाच्या फ्लाइटसाठी आज माझ्याकडे येऊ नका. निदान महिनाभर आधी या. एलिस बेटावरच्या माणसाला घरी कोणी वेळेवर तपासून सांगितले नव्हते. तुम्हाला सांगणारे आहे.