लग्नाचे लुगडे आणि त्याचे पुढचे आयुष्य

सामाजिक इतिहासाची साधने म्हणून आपण ताम्रपट, सनदा, महजर, बखरी आणि खासगी पत्रव्यवहार ह्यांचा आदराने उल्लेख करतो. गोधडीचा उल्लेख त्या यादीत कोणी करीत नाही. ह्यात दोष कोणा एकाचा नव्हे. कागद दप्तरात बांधून ठेवला जातो, आणि गोधडी अंगाखाली अंथरली जाते. जे अंगाखाली अंथरले जाते त्याला आपण पुरावा मानीत नाही, एवढेच. डॉ. मोतीचंद्र ह्यांचा 'प्राचीन भारतीय वेशभूषा' हा ग्रंथ १९५० साली आणि डॉ. गो. स. घुर्ये ह्यांचा 'इंडियन कॉस्च्यूम' हा १९५१ साली प्रसिद्ध झाला. दोघांनीही वस्त्रांच्या अभ्यासाला शास्त्राची बैठक दिली. परंतु त्यांचे लक्ष मुख्यतः वस्त्र कसे नेसले गेले ह्याकडे होते. वस्त्र नेसून झाल्यावर त्याचे पुढे काय झाले, हा प्रश्न शिल्पे आणि चित्रे सोडवू शकत नाहीत. तो घराच्या आतला प्रश्न आहे. आणि वस्त्र जर लग्नाचे असेल, तर तो साधा काटकसरीचाही प्रश्न राहत नाही.

ह्या प्रश्नाचा सर्वांत जुना उल्लेख आपल्याकडे ऋग्वेदातच सापडतो, हे ऐकून काही वाचकांना आश्चर्य वाटेल. दहाव्या मंडलातील पंच्याऐंशीवे सूक्त, म्हणजे सूर्येच्या विवाहाचे सूक्त, वधूवस्त्राविषयी बोलते ते मुळीच कौतुकाच्या सुरात बोलत नाही. विवाहानंतर ते वस्त्र तीक्ष्ण, कडू, विषासारखे मानले आहे. ते घरात ठेवू नये, सूर्येचे सूक्त जाणणाऱ्या ब्राह्मणाला ते द्यावे, असा तेथे आशय आहे. वस्त्रात लग्नाची एक शक्ती उतरते आणि ती सांभाळून विसर्जित करावी लागते, ही कल्पना त्यामागे दिसते. पुढे लोकाचाराने ह्याच्या अगदी उलट वाट धरली. वस्त्रात शक्ती आहे हे मान्य. पण ती घराबाहेर का घालवायची? ती मुलीला, नातीला, पाळण्यातल्या बाळाला मिळावी. आपल्याकडच्या सगळ्या जुन्या चाली ह्या दुसऱ्या विचारावर उभ्या आहेत.

धारवाड-हुबळीचा प्रदेश ह्या अभ्यासाला फार सोयीचा आहे. १९५६ सालच्या राज्यपुनर्रचनेपर्यंत हा जिल्हा मुंबई राज्यात होता. मराठी आणि कन्नड ह्या दोन्ही भाषा एकाच माजघरात बोलणारी कुटुंबे येथे शेकड्यांनी होती, आजही आहेत. १९६२ साली दोन्ही शहरांची मिळून एक महानगरपालिका झाली, २०१४ साली हुबळीचे अधिकृत नाव हुब्बळ्ळी झाले. पण जवळी सालातल्या कापडाच्या दुकानात गिऱ्हाईक अजूनही एका वाक्यात दोन्ही भाषा बोलते. लग्नाच्या वस्त्रांची नावेही अशीच दुपेडी. गौरीहरापाशी बसताना मराठी घरातली मुलगी पिवळी अष्टपुत्री नेसते. अष्टपुत्रा हो ह्या आशीर्वादाने त्या वस्त्राला नाव दिले. कन्नड घरातली मुलगी कन्यादानाच्या वेळी 'धारे सीरे' नेसते. पाण्याच्या धारेने त्या वस्त्राला नाव दिले. एक नाव फळाचे, दुसरे विधीचे. ऐपत असेल तर ह्यांच्या जोडीला शालू किंवा पैठणी. आणि ऐपत असो वा नसो, इरकल हवेच.

इरकल लुगड्याची घडण समजल्याशिवाय त्याचे पुढचे आयुष्य समजत नाही. बागलकोट जिल्ह्यातल्या इळकल गावावरून हे नाव आले. ह्याचे अंग बहुधा सुती, काठ आणि पदर रेशमी. परंतु पदर हा अंगाच्याच ताण्यावर विणला जात नाही. अंगाचा ताणा वेगळा, पदराचा वेगळा, आणि दोन्ही ताण्यांची टोके फाशांनी एकमेकांत अडकवून मग विणकाम पुढे चालते. तांबड्या रेशमावर पांढऱ्या आकृत्यांचा तो 'टोपे तेनी' पदर. 'तेने' म्हणजे कणीस. ज्वारीचे कणीस, फणी, किल्ल्याचा तट हे ह्या पदरावरचे ठरलेले आकार. सुती अंग रोजच्या धुण्याने आधी विरते, रेशमी पदर मागे राहतो. म्हणूनच ह्या भागातल्या जुन्या पेट्यांतून अंग नसलेले पदर निघतात. कोणी त्याची देव्हाऱ्यावरची झालर केलेली असते, कोणी पाळण्याची खोळ, कोणी पोथीचे बासन. गृहिणीने कलात्मक दृष्टी ठेवून पदर राखला असे म्हणण्याचा मोह होतो. पण विणकराच्या मांडणीनेच तो निर्णय अर्धा करून ठेवलेला होता.

ह्या लुगड्यांतले सर्वांत मानाचे म्हणजे चंद्रकाळी. मराठी वाचकाच्या मनात चंद्रकळा ही संक्रांतीशी जोडलेली आहे. नव्या सुनेला पहिल्या संक्रांतीला काळी चंद्रकळा घ्यायची, एरवी शुभकार्यात काळा रंग वर्ज्य. कर्नाटकात मात्र तांबड्या काठांचे काळे चंद्रकाळी वधूच्या रुखवतातच असे, आणि तिच्यावर कसुतीचे भरतकाम असे. कसुती ही धारवाडची खास कला. कापडावर आधी रेघ काढायची नाही, ठसा उमटवायचा नाही. ताण्याबाण्याचे धागे मोजायचे आणि सुई घालायची. गवंती, मुरगी, नेयगी आणि मेंथी हे तिचे चार टाके. गवंती आणि मुरगी दोन्ही बाजूंनी सारखे दिसतात, मागे गाठ दिसत नाही. गोपूर, रथ, पालखी, हत्ती, नंदी, तुळशीवृंदावन, पाळणा ह्या आकृत्या काळ्या अंगावर जशा उठतात तशा दुसऱ्या कोणत्याही रंगावर उठत नाहीत. काळ्या रंगाचा निषेध येथे का शिथिल झाला ह्याचे उत्तर मला तरी शास्त्रात नव्हे, ह्या सुईत दिसते. हे काम मुलीने, तिच्या आईने, आजीने महिनोन्‌महिने केलेले असे. ज्या स्त्रियांना अक्षरओळख नव्हती त्यांनी धागे मोजून ह्या आकृत्या बिनचूक जुळविल्या. गणित शिकविण्यात ज्यांची हयात गेली आहे अशा आमच्यासारख्यांनी ह्यापुढे थोडे नम्र व्हावे हे बरे.

आता पुढच्या आयुष्याकडे वळू. त्याला एक ठरलेली उतरंड होती. लग्नाचे लुगडे प्रथम सणासुदीला निघे, मग वर्षश्राद्धाखेरीज सर्व कार्यांना, मग घरात. मध्ये विरले की मधला भाग कापून दोन्ही टोके जोडायची. हे दंड घातलेले लुगडे. गरिबीची खूण म्हणून दंडाच्या लुगड्याची चेष्टा होत असे, पण त्यातली योजना पाहा : नेसताना ज्या भागावर सर्वांत ताण येतो तोच काढून टाकला जाई. दंडानंतर मुलीचे परकर-पोलके. त्यातही काठ परकराच्या घेराला आणि पदराचा तुकडा पोलक्याच्या बाहीला. गुळेदगुड्डाचे खण ह्या कामी जोडीला येत. त्यानंतर बाळंतपण. दुपटे, झबले, कुंची आणि पाळण्याची झोळी ह्यांसाठी नवे कापड चालत नसे; अनेक धुण्यांनी मऊ झालेले जुनेच हवे. गरोदर सुनेच्या ओटीभरणाला ह्या भागात 'कुबस' म्हणतात, आणि तो शब्द मूळचा चोळीवाचक आहे. एका वस्त्राचे नाव संस्काराला मिळाले, ह्यावरून वस्त्राचे स्थान कळावे.

शेवटी गोधडी. कन्नडमध्ये कौदी, आमच्या सीमेवरच्या मराठीत वाकळ. धारवाडहून पश्चिमेला हल्ल्याळ आणि यल्लापूर तालुक्यांत सिद्दी लोकांची वस्ती आहे. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून, बरेचसे पोर्तुगीजांच्या गुलामीतून आले. त्यांच्या स्त्रिया शिवतात त्या गोधडीला 'कवंदी' म्हणतात. शिवण कडेपासून सुरू होते आणि चौकोनी फेऱ्यांनी आत आत जाते. तुकडा ठेवायचा, कड दुमडायची, टाका घालायचा, पुढचा तुकडा घ्यायचा. चारी कोपऱ्यांना दुमडलेल्या त्रिकोणी तुकड्यांचे फूल बसवले नाही तर ती कवंदी उघडी समजतात. पोटात जुन्या साड्यांचे थर असतात. अमेरिकन अभ्यासक हेन्री ड्रेवाल ह्यांच्या प्रयत्नांनी ह्या गोधड्या आता परदेशांतल्या संग्रहालयांपर्यंत पोहोचल्या आहेत. आपण मात्र त्या धारवाडच्या बाजारात पाहून पुढे जात होतो.

येथे थांबून एक अप्रिय गोष्ट सांगितली पाहिजे. 'पुनर्वापर' हा शब्द आजकाल फार गोंडस झाला आहे. प्रत्येक लग्नाचे लुगडे काही आनंदाने कापले गेले नाही. ज्या समाजांत विधवेने तांबडे आलवण नेसायचे असा दंडक होता, तेथे नवरा गेला की तिचा शालू, तिची चंद्रकळा तिच्यापुरती संपली. मग ती नणंदेला गेली, जावेला गेली, किंवा कापून मुलांच्या अंगावर आली. १८५६ साली विधवाविवाहाचा कायदा झाला, तरी आलवणाची पेटी त्यानंतरही कित्येक वर्षे रिकामी झाली नाही. बारा वर्षांच्या मुलीचा शालू नव्यासारखाच असणार. त्याची कुंची कोणाच्या तरी पाळण्यात गेली, आणि ती कोणाच्या शालूची आहे हे घरातल्या प्रत्येक बाईला ठाऊक होते. उलट, सौभाग्यवती गेली तर काही घरांतून तिला लग्नाचाच शालू नेसवीत, आणि तो तिच्याबरोबर जाई. तेव्हा जे वस्त्र आज जुन्या पेटीत शिल्लक आहे, ते का शिल्लक आहे हा प्रश्न विचारल्याशिवाय त्याला 'वारसा' म्हणण्याची घाई करू नये.

जरीची कथा थोडक्यात सांगण्यासारखी आहे. जुनी जर म्हणजे रेशमाच्या धाग्यावर गुंडाळलेली चांदीची तार, वर सोन्याचे पाणी. त्यामुळे जीर्ण शालूला शेवटपर्यंत किंमत असे; काठ जाळून चांदी काढणारे व्यापारी तो विकत घेत, आणि सुती लुगडे बोहारणीच्या टोपलीत जाऊन त्याचे पातेले होई. अडीअडचणीला किती शालू असे जाळले गेले ह्याची गणती नाही. आजच्या बहुतेक साड्यांतली जर तांब्याची किंवा प्लास्टिकची असते. ती जाळली तर फक्त वास येतो.

शिवलेल्या लग्नपोशाखाची गोष्ट निराळी. बासेल मिशन १८३७ साली धारवाडला आले, पुढे आगगाडीबरोबर हुबळीत गोव्याकडची ख्रिस्ती कुटुंबे स्थिरावली, आणि ह्या गावांना पांढऱ्या वधूवेषाची ओळख झाली. ज्या समाजात पांढरा रंग अनेक ठिकाणी वैधव्याचा, तेथे तो वधूचा झाला. पण खुद्द युरोपातही ही चाल फार जुनी नाही. राणी व्हिक्टोरिया १८४० साली स्वतःच्या लग्नात पांढऱ्या रेशमात उभी राहिली, त्यानंतर तिचा प्रसार झाला. त्या पोशाखावरची होनिटनची लेस राणीने पुढे कितीतरी समारंभांत वापरली, आणि १८८५ साली धाकटी मुलगी बिॲट्रिस हिला लग्नात वापरू दिली. २०२० साली त्याच नावाच्या दुसऱ्या राजकन्येने आजीचा, म्हणजे राणी एलिझाबेथचा, जुना गाऊन दुरुस्त करून लग्नात घातला. सर्वसाधारण घरांतून लग्नाच्या गाऊनचा बाळाच्या बाप्तिस्म्याचा झगा करण्याची रीत होती. आपल्या कुंचीची ती सख्खी बहीणच. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस कापड मिळेना तेव्हा हवाई छत्र्यांच्या रेशमाचे गाऊन झाले. मात्र एक फरक ध्यानात घ्यावा. गाऊन एका देहाच्या मापाने कापलेला असतो. त्याचे दुसरे काही करायचे म्हणजे आधी उसवायचे. लुगडे मुळात कापलेलेच नसते. ते कोणालाही होते, आणि शेवटपर्यंत होते. आपल्या आज्या विशेष कल्पक होत्या हे खरेच, पण हाती आलेले वस्त्रही त्यांना साथ देणारे होते.

अलीकडे धारवाड-हुबळीतही लग्नाला घागरा किंवा गाऊन भाड्याने आणण्याची पद्धत रूढ होते आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही. एक दिवसाच्या वस्त्रासाठी कर्ज काढण्यापेक्षा ते शहाणपणाचे. भाड्याच्या वस्त्राला पुढचे आयुष्य नसते, इतकेच. माझी खरी काळजी दुसरी आहे. जुन्या इरकली आणि पैठण्या कापून त्यांचे झगे, जाकिटे, बटवे, उशांचे अभ्रे करण्याचा व्यवसाय वाढला आहे. विरलेल्या अंगाचे असे काही केले तर ते परंपरेला धरूनच आहे. परंतु हातची कसुती असलेले चंद्रकाळी कात्रीखाली जाते तेव्हा जे नाहीसे होते ते पुन्हा विणता येत नाही. यंत्रावर भरलेली कसुती दुकानात मुबलक आहे. कापायची हौस तिच्यावर भागवावी. नक्षी कुठे संपते आणि पदर कुठे सुरू होतो हे न पाहता रथाचे चाक एका बटव्यावर आणि कळस दुसऱ्यावर गेलेला मी पाहिला आहे.

आमच्या शाळेत मुलींना घरातील जुन्या वस्त्रांची माहिती लिहून आणण्यास सांगितले, तेव्हा बहुतेकींनी प्रथम गोधडी वगळली. ती जुनी आहे, फाटकी आहे, ती कशी दाखवायची, असे त्यांचे म्हणणे. पुन्हा सांगितल्यावर एका गोधडीत चार पिढ्यांची लुगडी निघाली, आणि कोणता तुकडा कोणाचा हे सांगणारी आजी अद्याप हयात होती. १८८४ च्या धारवाड गॅझेटियरमध्ये निरनिराळ्या जातींच्या पोशाखाची वर्णने आहेत, पण त्या आजीला ठाऊक होते ते त्यात नाही, असणे शक्यही नव्हते.

शिक्षकबंधूंना माझी विनंती अशी की, सुटीच्या गृहपाठात ह्या विषयाला जागा द्यावी. वस्त्राचे नाव, कोणाच्या लग्नाचे, सुमारे कोणत्या वर्षाचे, कोणी दिले, कोणी भरले, पुढे त्याचे काय काय झाले, आणि ते आता कोठे आहे, एवढ्या नोंदी पुरेत. सोबत एक छायाचित्र असावे, शक्यतो दोन्ही बाजूंचे, कारण कसुतीचा खरेपणा मागच्या बाजूला कळतो. नोंद मराठीत असो वा कन्नडमध्ये, आजीने वापरलेला शब्द जसाच्या तसा लिहावा, त्याचे शुद्धीकरण करू नये. आणि कापायचेच ठरले असेल, तर ती नोंद आधी व्हावी.