सिपनेकाठून ॲम्स्टरडॅमकडे

परतवाड्याहून घाट चढून सेमाडोहला पोचले, की सिपना नदी भेटते. कोरकू भाषेत सिपना म्हणजे साग. मेळघाटातून वाहत ती तापीला मिळते. तापी बऱ्हाणपूरच्या तटाखालून जाते आणि सुरतेपाशी समुद्र गाठते. हा भूगोल शाळेत पाठ केलेला. पण रेम्ब्रांट या डच चित्रकाराविषयी वाचत असताना तो माझ्या कामाचा आहे हे ध्यानात आले, आणि तेही सेमाडोहच्या पुलावर उभा असताना. म्हणून ही मांडणी.

वऱ्हाड 1596 साली मुघलांकडे गेला, 1601 मध्ये खानदेश. त्यानंतर बऱ्हाणपूर हे मुघलांचे दख्खनेतले ठाणे झाले. सुरतेहून आग्र्याला जाणारा व्यापारी बहुधा येथूनच जाई. इंग्लंडचा वकील थॉमस रो 1615 मध्ये इथे शहजादा परवेझला भेटला. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निए याने इथल्या झिरझिरीत कापडाची तारीफ केली आहे; ते पर्शिया, तुर्कस्तान, थेट पोलंडपर्यंत जाई. शहाजहानचा मुक्कामही इथे वारंवार असे. मुमताजमहल 1631 मध्ये वारली ती याच गावी.

आता दुसरे टोक. डच ईस्ट इंडिया कंपनीची वखार 17व्या शतकाच्या दुसऱ्या दशकात सुरतेत उभी राहिली आणि मुघल मुलखाशी डचांच्या व्यवहाराचे मुख्य दार तेच झाले. नीळ आणि कापड हा खरा माल. पण गलबतांतून चित्रेही गेली. रेम्ब्रांट आयुष्यात हॉलंडबाहेर पडला नाही. तरी साधारण 1656 ते 1661 या काळात त्याने मुघल लघुचित्रांवरून काढलेली वीसेक रेखाटने आज उपलब्ध आहेत. त्यांत जहांगीर आहे, शहाजहान आहे, दारा शुकोह आहे. बऱ्हाणपुरात मुक्काम ठोकणाऱ्या बादशहाला ॲम्स्टरडॅममधल्या कर्जबाजारी माणसाने समोर बसवावे, ही गंमत मला अजून पुरी पचलेली नाही. कर्जबाजारी हा शब्द अलंकार म्हणून वापरलेला नाही. 1656 मध्ये त्याचे दिवाळे निघाले आणि घरातल्या चीजवस्तूंची यादी झाली.

यातली बरीच रेखाटने जपानी कागदावर आहेत. तोही कंपनीच्याच जहाजांतून आलेला. चित्र हिंदुस्थानी, कागद जपानी, हात डच. आणि हा हात नेहमीचा नाही. रेम्ब्रांटची रेघ एरवी धसमुसळी, घाईची. इथे ती बारीक, जपून ओढलेली आहे. जाम्याच्या चुण्या, पटक्याचे टोक, बाजूने दिसणारा चेहरा तो शिकाऊ पोराच्या चिकाटीने उतरवतो. पन्नाशी गाठलेल्या उस्तादाने असे शिकायला बसावे, हेच मला सर्वांत मोलाचे वाटते.

फक्त नक्कल करून तो थांबला नाही. एका लघुचित्रात झाडाखाली चार वृद्ध फकीर बसले आहेत. त्याचे रेखाटन रेम्ब्रांटने केले, ते ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. 1656 च्या त्याच्या एका कोरीव छापचित्रात बायबलमधला अब्राहाम देवदूतांना जेवू घालतो. त्यातल्या पाहुण्यांची जमिनीवरची बैठक या फकिरांवरून आली, हे कलेतिहासकारांनी दाखवून दिले आहे. मूळ लघुचित्र व्हिएन्नाच्या शोनब्रुन राजवाड्यात आहे. तिथे 18व्या शतकात अशी चित्रे कात्रीने कापून, जुळवून, दालनाच्या भिंतींवर नक्षीदार चौकटींत बसवली गेली. एकाने ती समजून घेतली, दुसऱ्याने भिंत सजवली.

आपल्याकडे मात्र गोष्ट एकाच बाजूने सांगतात: जेझुइट पाद्री 1580 मध्ये अकबराच्या दरबारी आले, सोबत युरोपीय चित्रे आली, आणि आमच्या चित्रकारांना छायाप्रकाश कळला. ते खरेच आहे. जहांगीरच्या चित्रकाराने रोच्या चित्राच्या इतक्या हुबेहूब प्रती केल्या की आपले चित्र ओळखताना रोची तारांबळ उडाली. पण रस्ता दुहेरी होता. म्हणून लगेच ‘रेम्ब्रांट आमचा शिष्य’ अशी आरोळी ठोकू नये. त्याच्या चित्रातला काळोख त्याचाच आहे. त्याने आपल्याकडून उभे राहण्याची, बसण्याची ढब घेतली. रंग घेतला नाही.

या देवघेवीचा एक धागा मराठी माणसाच्या घरापर्यंत येतो. गोवळकोंड्याला 17व्या शतकाच्या उत्तरार्धात परदेशी गिऱ्हाइकांसाठी राजे-सरदारांच्या चित्रांचे संच तयार होत. ॲम्स्टरडॅमचा महापौर निकोलास विटसेन याच्याकडे असा एक संच होता. तो आज तिथल्या राइक्सम्युझियममध्ये आहे आणि त्यात शिवछत्रपतींचे चित्र आहे. व्हॅलेंटाइन या डच लेखकाच्या 18व्या शतकातल्या ग्रंथातही महाराजांची प्रतिमा छापली गेली. महाराज म्हणून भलताच चेहरा भिंतींवर मिरवत असताना वा. सी. बेंद्रे यांनी 1933 मध्ये डच साधनांतली प्रतिमा पुढे आणली. ज्या सुरतेची वखार महाराजांच्या 1664 च्या स्वारीने धास्तावली, त्याच डचांच्या दप्तरात त्यांचा चेहरा जपला गेला.

विटसेनच्या संचातल्या चित्रांवर चितारणाऱ्याचे नाव नाही. रेम्ब्रांटसमोर जी मूळ लघुचित्रे होती, त्यांचे कर्तेही बहुतेक अनामच आहेत. सही आहे ती एकट्या रेम्ब्रांटच्या छापचित्रावर.