मुळशीचे पाणी आणि पावगडचे ऊन

आजच्या विषयाचे नाव ऐकून कोणास वाटेल की, हा विषय इंजिनियरांचा आहे, इतिहासाचे त्यात काय काम? शेतात काचेच्या तावदानांच्या रांगा उभ्या राहतात, उन्हाची वीज होते, जवळच लोखंडी पेट्यांत ती साठवली जाते, आणि रात्री आपल्या घरी दिवा लागतो. ह्यात सनावळ्या कुठून आल्या? पण ज्या क्षणी आपण ‘शेतात’ हा शब्द उच्चारला, त्या क्षणी इतिहास दारात येऊन उभा राहिला. कारण शेत कोणाचे, ते कोणी दिले, कोणत्या कागदावर दिले आणि मोबदला कोणाच्या हाती पडला, हे प्रश्न विजेहून जुने आहेत. आणि वीज व जमीन ह्यांचा पहिला मोठा झगडा आपल्याच सह्याद्रीच्या कुशीत झाला आहे.

तेव्हा प्रारंभ लोणावळ्यापासून करू. मुंबईच्या गिरण्या कोळशावर चालत, आणि तो कोळसा दुरून आणावा लागे. घाटमाथ्यावर मात्र चार महिने धो धो पाऊस पडतो. तो अडवून तळी करावीत, आणि ते पाणी नळांतून कोकणच्या बाजूस सुमारे पाचशे मीटर खाली सोडून वीज करावी, ही जमशेटजी टाटांच्या मनातली कल्पना. ते १९०४ साली वारले. १९१० साली त्यासाठी कंपनी निघाली आणि १९१५ साली खोपोलीचे वीजघर सुरू झाले. १९२२ साली भिवपुरी आणि १९२७ साली भिरा, अशी त्याची भावंडे झाली.

श्रोत्यांनी येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ह्या योजनांचा प्राण वीजघरात नव्हता, तळ्यात होता. पाऊस चार महिने आणि गिरणी बारा महिने, ह्यांचा मेळ घालायचा तर पावसाला कोठेतरी कोंडून ठेवले पाहिजे. म्हणजे तळे हीच त्या काळची बॅटरी होती. फरक एवढाच की, ह्या बॅटरीला जागा फार लागे, आणि ती जागा रिकामी नव्हती.

मुळशी पेट्यातले मुळा-निळेचे खोरे आंबेमोहराच्या भातासाठी नावाजलेले. तेथे धरण झाले तर पन्नासच्या आसपास गावे आणि हजारो माणसे पाण्याखाली जाणार होती. १६ एप्रिल १९२१, रामनवमीचा दिवस. सुमारे बाराशे मावळे धरणाच्या कामावर जाऊन बसले आणि काम बंद पडले. कंपनीने काही महिने काम थांबवण्याचे मान्य केले. पुढे १८९४ चा भूसंपादनाचा कायदा हाती घेऊन ते पुन्हा सुरू झाले, आणि १९२१ च्या डिसेंबरात सत्याग्रहाने पुन्हा उचल खाल्ली. पांडुरंग महादेव बापट ह्यांना ‘सेनापती’ हे नाव ह्याच लढ्याने दिले. विनायकराव भुस्कुटे ह्यांनी खोऱ्यातली गावे पालथी घातली. बायकापोरांनी तुरुंगवास सोसला. अखेर बापटांनी कामावरची आगगाडी अडवली, त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली, आणि धरण उभे राहिले. १९२७ साली भिऱ्याची वीज मुंबईस गेली. जे पाणी भीमेला मिळून पूर्वेकडे जायचे, ते घाट उतरून पश्चिमेस गेले.

एवढी कथा आपण शाळेत ऐकली असेल. शाळेत सहसा न सांगितला जाणारा भाग पुढेच आहे. मुळशीच्या पुष्कळ जमिनी मावळ्यांच्या हाती नांगरापुरत्या होत्या. कागदावर त्या सावकारांकडे गेलेल्या किंवा गहाण पडलेल्या होत्या. हे सावकार-जमीनदार बरेचसे पुण्याचे राहणारे. कंपनीशी भांडण काढावे ते जमीन वाचवण्यासाठी, की मोबदला वाढवून घेण्यासाठी? मावळ्याला जमीन हवी होती. जमीनदाराला दर हवा होता. एकाच सत्याग्रहाच्या छायेत ही दोन माणसे उभी होती, आणि दर जसजसा चढू लागला तसतसा दुसऱ्याचा उत्साह उतरू लागला. लढा मोडला तो सरकारी दंडुक्याने मोडला हे खरेच. पण त्याची एक गाठ आतूनच सुटत चालली होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. पुण्याच्या माणसाने पुण्यातच हे म्हणावे हे जरा अवघड आहे, पण इतिहासाला संकोच परवडत नाही.

पुढे १९४८ चा कूळकायदा आला, १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला, आणि कसणाऱ्याचे नाव उताऱ्यावर चढू लागले. आपल्या प्रांतातली ही थोर घटना. तथापि त्यानंतरच्या पिढ्यांत पुष्कळ खातेदार शहरांत आले, आणि गावची जमीन वाट्याने, अर्धेलीने, तोंडी बोलीवर दुसऱ्याच्या हाती राहिली. त्या वाटेकऱ्याचे नाव उताऱ्यावर नसते. म्हणजे मुळशीतली ती जोडी, एक कागदावरचा आणि एक नांगरावरचा, अजून मोडलेली नाही. हे सूत्र हाती धरून आता उन्हाकडे वळू.

सिलिकॉनची सौर वीजघटिका अमेरिकेत बेल प्रयोगशाळेने १९५४ साली दाखवली. तेव्हा तिच्यावर पडणाऱ्या उन्हाचा शंभरात सहावा हिस्सा विजेत उतरे. ती आकाशयानांत बसली, गणकयंत्रांत बसली, आणि साठ वर्षांत इतकी स्वस्त झाली की शेतात पेरावी तशी पेरली जाऊ लागली. भारताची सौर वीजक्षमता जानेवारी २०२५ मध्ये एक लाख मेगावॉटच्या पुढे गेली. ऊन फुकट असले तरी ते विरळ पडते. एक मेगावॉटला ढोबळमानाने चार ते सहा एकर जमीन लागते. कोळशाची खाण खोल जाते; उन्हाची खाण पसरते. म्हणून हा प्रश्न पुन्हा सातबाऱ्यापाशी आला.

तो किती जिव्हारी लागू शकतो हे धुळे जिल्ह्याने पाहिले. तेथे औष्णिक वीजप्रकल्पासाठी म्हणून संपादनास निघालेल्या जमिनी पुढे सौर प्रकल्पाकडे वळल्या. एका ८४ वर्षांच्या शेतकऱ्याला आपल्या पाच एकरांबद्दल सुमारे चार लाख रुपये मिळाले, आणि शेजारच्याला त्याहून कितीतरी पट अधिक. दाद मागत तो फिरला, आणि २२ जानेवारी २०१८ रोजी मंत्रालयात त्याने विष घेतले. सहा दिवसांनी तो गेला. सूर्य निर्मळ आहे, त्याच्या विजेला धूर नाही, हे सर्व मान्य. पण संपादनाचा कागद तोच जुना असेल, तर त्या कागदाला धुराचा वास येतोच.

अशा वेळी दुसरी एक वाट कर्नाटकात चोखाळली गेली, तिच्याकडे आपण जरा सावकाश पाहू. तुमकूर जिल्ह्यातला पावगड तालुका नकाशावर पाहावा. तीन बाजूंनी आंध्राने वेढलेला, अवर्षणाचा मानकरी. भुईमूग पेरावा आणि आभाळाकडे पाहत बसावे, हा तेथला शेतीचा क्रम. तरुण माणसे बंगळुरास जात. २०१५ साली राज्य व केंद्र ह्यांच्या संस्थांनी मिळून एक महामंडळ काढले, आणि त्याने ठरवले की जमीन विकत घ्यायची नाही, संपादनही करायचे नाही, भाड्याने घ्यायची. तिरुमणी, वल्लूर, बळसमुद्र अशा पाच गावांतली सुमारे १३ हजार एकर जमीन २८ वर्षांच्या पट्ट्याने घेतली गेली. भाडे एकरी वर्षाला २१ हजार रुपये, आणि दर दोन वर्षांनी त्यात पाच टक्के वाढ. मार्च २०१८ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला, आणि २०१९ च्या अखेरीस २,०५० मेगावॉटचे काम पुरे झाले.

मुळशीच्या तुलनेने ही केवढी मजल! जमीन बुडाली नाही, नाव पुसले गेले नाही, आणि ज्या रानात भुईमूग रुसून बसे तेथे दरवर्षी ठरलेली रक्कम येऊ लागली. ह्या रकमेला ‘पाऊस न लागणारे पीक’ म्हणावयास हरकत नाही. मोठ्या खातेदारांनी घरे बांधली, गाड्या घेतल्या.

पण ज्याच्याकडे जमीनच नव्हती त्याचे काय? भुईमूग वाईट असला तरी तो पेरायला, खुरपायला, उपटायला, शेंगा तोडायला माणसे लागत, विशेषतः बायका. तावदानांना खुरपणी लागत नाही. काही जणांना गवत कापण्याचे, काचा धुण्याचे, पहाऱ्याचे काम मिळाले. पण हजारो एकरांचा रोजगार त्यात मावेना. मेंढपाळाला तर कोणी विचारलेच नव्हते. त्याचे चराऊ रान कुंपणाआड गेले, आणि भाडेपट्ट्यात मेंढीसाठी रकाना नसतो. भाडे उताऱ्यावरच्या नावाला मिळाले. मुळशीचे सूत्र येथे पुन्हा दिसते, फक्त ह्या वेळी दंडुका नव्हता, सह्या स्वखुषीच्या होत्या.

हिशेबाचीही एक गंमत सांगतो. दोन वर्षांनी पाच टक्के म्हणजे वर्षाला सुमारे अडीच टक्के. २१ हजारांचे २८ वर्षांच्या शेवटी सुमारे ३९ हजार सहाशे होतात. दुपटीला थोडे कमीच. महागाई ह्याहून वेगाने चालली, तर पट्टा संपताना हातात पडणारी रक्कम पहिल्या वर्षीच्या रकमेहून मोठी दिसेल, पण धान्य कमी आणील. सही करताना माणूस पहिला आकडा पाहतो. कंपनीचा हिशेबनीस शेवटचा पाहतो.

आता साठवणीकडे येऊ. उन्हाची वीज दुपारी उतू जाते, आणि शहर दिवा लावते संध्याकाळी. पावसाला तळे हवे तशी उन्हालाही कोंडी हवी. छत्तीसगडातल्या राजनांदगावी १०० मेगावॉटच्या सौर प्रकल्पाला बॅटरीची जोड दिली गेली, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याचे उद्‌घाटन झाले. तेथली बॅटरी ४० मेगावॉटच्या जोराने तीन तास वीज देते. म्हणजे १ लाख २० हजार युनिट. दिवसाला चार युनिट वापरणारे घर धरले तर ही तीस हजार घरांची एका दिवसाची वीज झाली. मालवाहू आगबोटीवर असतात तसल्या पोलादी पेट्या रांगेने मांडायच्या, आत लिथियमच्या घटांची कपाटे, त्यांना थंड ठेवणारी यंत्रे, आग लागल्यास विझवण्याची तजवीज. मुळशीत पावसाळ्याचे पाणी वर्षभर कोंडायला अख्खे खोरे लागले; येथे काही तासांची वीज कोंडायला थोड्या एकरांची सपाट जागा पुरते. काही तासांची साठवण एवढ्या थोड्या जागेत मावावी, हे मला तावदानांहूनही मोठे नवल वाटते. फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्रीय वीज प्राधिकरणाने सल्ला दिला की, नव्या सौर निविदांत क्षमतेच्या निदान दहा टक्के, दोन तास पुरेल अशी साठवण जागेवरच असावी. तेव्हा ह्यापुढे शेतात काचा येतील तेथे ह्या पेट्याही येतील, असे धरून चालावे.

आणि गंमत पाहा, जुनी तळीही निवृत्त झालेली नाहीत. ऑगस्ट २०२३ मध्ये टाटांच्या कंपनीने महाराष्ट्र शासनाशी करार केला, तो शिरवत्यास १,८०० आणि भिवपुरीस १,००० मेगावॉटच्या उदंचन योजनांचा. स्वस्त विजेच्या वेळी पाणी वर चढवायचे आणि टंचाईच्या वेळी खाली सोडायचे. उन्हाची वीज घाटावर चढून बसणार, ती शंभर वर्षांपूर्वीच्याच डोंगरांत.

आपल्याकडे मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या आवृत्तीत, २०२३ साली, खाजगी जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे ठरले, आणि वर्षाला तीन टक्के वाढ. एकरी पन्नास हजारांच्या आसपास. पावगडच्या दुपटीहून अधिक. हेतू चांगला आहे; शेतीपंपाला रात्रीऐवजी दिवसा वीज मिळावी, विंचवाकाट्यांत रात्रीचे पाणी धरणे संपावे. ज्याने जानेवारीच्या रात्री दोन वाजता दारे धरली आहेत त्याला ह्याचे मोल सांगावे लागत नाही.

ह्या सभागृहात बसलेल्यांपैकी कितीकांची गावी जमीन असेल! ती कोणीतरी कसत असेल, आणि वर्षाला दोन पोती ज्वारी किंवा तांदूळ आपल्याकडे येत असतील. उद्या भाडेपट्ट्याचा मसुदा गावच्या पत्त्यावर जाणार नाही, तो आपल्या पेठेतल्या पत्त्यावर येईल. कारण उताऱ्यावर नाव आपले आहे. १९२१ साली मोबदल्याचा कागदही असाच पुण्यास आला होता. मसुद्यात भाडे वाचा, वाढ वाचा. पण वाटेकऱ्यासाठी काही कलम घालता येते का, हेही वकिलास विचारा. कंपनी ते आपण होऊन घालणार नाही. भाड्यातला ठराविक हिस्सा त्याच्या नावे लिहून देण्यास कोणताही कायदा आडवा येत नाही.

आणि शेवटची पाने वाचायची राहू देऊ नका. पट्टा संपल्यावर जमिनीत रोवलेले लोखंडी खांब कोण उपटणार, काचा कोण नेणार, बॅटरीच्या पेट्या कोठे जाणार, हे तेथे लिहिलेले असते किंवा नसते. २०२२ च्या नियमांनी सौर तावदानांचा कचरा आणि बॅटऱ्यांचा कचरा ह्यांची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. पण पंचवीस-तीस वर्षांनी तो उत्पादक कोठे असेल हे नियमात सांगता येत नाही. म्हणून त्या कामाची रक्कम आधीच बँकेत वेगळी ठेवावी, अशी अट घालून घेता येते. पावगडचे पट्टे २०४५ च्या सुमारास संपू लागतील, आणि खांब उपटून जमीन कशी परत मिळते ते आपल्या देशात मोठ्या प्रमाणावर प्रथम त्या पाच गावांत दिसेल.